मागच्या सीटचा पट्टा

कोंढ्याच्या तुलारामनं आयुष्यात कोणाचं धान दाढेखाली धरल्याशिवाय घेतलं नाही. सख्ख्या भावानं पोतं आणून टाकलं तरी हा मूठभर दाणे काढायचा, चारदोन कडाकडा चावायचा आणि सांगायचा, ओल आहे, अजून दोन दिवस वाळू घाल. भाऊ फुगून बसला तर बसू दे. तीस वर्षांचा धानाचा व्यापार त्यानं या दाढेवर केला, आणि पवनी तालुक्यात आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. असा हा माणूस, आणि सात लाखांची गाडी मात्र न चावता गिळायला निघाला. आता याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

गाडीचं खूळ डोक्यात शिरलं ते सुलोचनाबाईंच्या कमरेमुळं. बायकोचा एक मणका सरकला होता आणि महिन्यातून दोनदा तिला नागपूरला डॉक्टरकडे न्यावं लागायचं. एसटी खड्ड्यात आदळली की ती पुढच्या सीटची दांडी घट्ट धरायची, पण तोंडातून हूं की चूं नाही. घरची जीप तर एसटीहून वाईट. ती कण्हली असती, चिडली असती, तर तुलारामनंही दोन शब्द उलटून बोलून मन मोकळं केलं असतं. तिच्या त्या गप्प राहण्यानंच त्याचा जीव तुटायचा.

अशात एक दिवस अमरचा फोन आला. अमर म्हणजे तुलारामच्या बहिणीचा मुलगा. शहापूरला हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. त्यानं सांगितलं की जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यातले एक साहेब बदली होऊन चालले आहेत आणि गाडी विकायला काढली आहे. काळी, लांबलचक, डिझेलची, बड्या लोकांची गाडी. नवी घ्यायची तर पन्नास लाखांच्या खाली बोलायचं काम नाही. साहेबांनी आठ वर्षं लेकरासारखी सांभाळली आहे, आणि मागच्या सीटवर मामीला चक्क झोपून नागपूरला जाता येईल.

मामी झोपून जाईल, एवढंच तुलारामनं ऐकलं. पुढचं ऐकलंच नाही.

आता आमच्याकडची रीत सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पाळण्यात असो की मिसरूड फुटलेला, मामा वाकणार. अमरची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि तुलारामनं त्याला कोंढ्याला आणलं. तुलारामला स्वतःचं लेकरू नव्हतंच. सुलोचनाबाईंनी या पोराला न्हाऊमाखू घातलं, त्याच्या आवडीची वडा-भाजी म्हणजे त्यांच्या घरचा सण. पाढे चुकले तर तुलाराम त्याचा कान पिळायचा आणि सणाला त्याच्याच पायावर डोकं ठेवायचा. पोरगं लाजून हसायचं, पाय मात्र पुढं करायचं. पुढं आयटीआय झाली, गॅरेज उभं राहिलं, मामाचा हात सगळीकडे होता. पण मामानं त्याचा कधी पाढा वाचला नाही.

देवाजी म्हणून तुलारामचा जुना दोस्त होता, जन्मभर ट्रक चालवलेला. गाडीचं कानावर गेल्याबरोबर तो घरी येऊन बसला. एवढ्या मोठ्या कंपनीची जुनी डिझेल गाडी म्हणजे हत्ती पोसणं आहे, एक सुटा भाग गेला तर बैलजोडीची किंमत मोजावी लागते, निदान नागपूरच्या एखाद्या मिस्त्रीला दाखव, असं त्यानं परोपरीनं समजावलं. तुलारामचं डोकं फिरलं. "भाच्यानं पाह्यलेल्या गाडीले मी दुसरा मिस्त्री लावू? त्याच्यापेक्षा त्याच्या तोंडावर थुकतो ना मी." देवाजीनं चहा अर्धा ठेवला आणि उठून गेला. शहाणा माणूस, पण त्याचं ऐकतो कोण.

रविवारी तुलाराम शहापूरला जाऊन गाडी पाहून आला. गाडी खरंच देखणी होती. अमरनं त्याला शेजारी बसवून हायवेवर चार-पाच किलोमीटर फिरवलं, पोटातलं पाणी हललं नाही. आत अत्तराचा इतका दरवळ होता की तुलारामला शिंका आल्या, आणि अत्तराच्या खाली आणखी कसला तरी वास होता. त्यानं विचारलं. अमर म्हणाला, एसीचा आहे, गाडी उभी राहिली की येतो. बरं, येत असेल. एसीतलं आपल्याला काय कळतं.

उतरल्यावर त्यानं सरळच विचारलं, "अमर, तू सांग. घेऊ का नको?"

अमर हातातल्या फडक्यानं बोटं पुसत राहिला. एकेक बोट, पुन्हा पुन्हा. मग म्हणाला, "घ्या मामा. मी हाय ना."

तुलाराम रीतीप्रमाणं पाया पडायला वाकला, तर अमरनं पाय मागं घेतला. राहू द्या, पाय ऑइलचे आहेत, म्हणाला. वीस वर्षांत त्यानं असं केलं नव्हतं. पण तुलारामला वाटलं, पोरगं मोठं झालं, संकोचतं आता. घरी येऊन त्यानं ते बायकोला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

गुरुवारी तो खिशात चेक घालून गाडी आणायला गेला. अमर गाडी पोहोचवून देणार होता, आणि घरी सुलोचनाबाई आरतीचं ताट, चाकांखाली ठेवायला लिंबं, सगळं काढून बसल्या होत्या. गॅरेजात पोहोचल्यावर अमर म्हणाला, दोन मिनिटं बसा, नारळ घेऊन येतो. तुलाराम मागच्या सीटवर जाऊन बसला. बायको बसणार तिथंच. पाय लांब केले, पाठ टेकली. मग त्याच्या मनात आलं की हा पट्टा तिच्या कमरेला काचेल का. त्यानं पट्टा ओढला. थोडा आला. तिची अंगकाठी आठवून आणखी ओढला, अगदी शेवटपर्यंत ओढला, आणि पट्ट्याच्या घडीतून सुकलेली माती त्याच्या धोतरावर सांडली.

पट्ट्याचा बाहेर दिसणारा भाग काळाभोर होता आणि आत गुंडाळून राहणाऱ्या हातभर भागावर राखाडी थर चढलेला. तुलारामनं चिमूट उचलली, बोटांत चोळली. रवाळ नाही, मऊसूत. नाकाशी नेली. अत्तराखालचा तो वास आता नीट ओळखू आला. करोनाच्या वर्षी वैनगंगेला पूर आला तेव्हा त्याच्या कोठारात पाणी शिरलं होतं, भिजलेल्या पोत्यांना महिनाभर हाच वास येत होता. आणि माती तर विचारायलाच नको. नदीकाठच्या वावरात त्याची हयात गेली होती. नदी आपल्या मागं जो गाळ सोडून जाते, तो पोयटा त्याला डोळे बांधूनही ओळखता आला असता.

नदीपासून कोसभर लांब असलेल्या जवाहरनगरच्या कोणत्या साहेबाच्या दारात नदी आली होती?

अमर नारळ घेऊन आला. मामा गाडीच्या बाहेर उभा होता, मूठ उघडी, मुठीत माती. अमरनं मातीकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या पट्ट्याकडे. नारळ त्यानं हळूच बाकावर ठेवला.

"हा नदीचा पोयटा हाय," तुलाराम म्हणाला. "साहेब कोण?"

साहेब कोणी नव्हताच. गाडी अमरची स्वतःची होती. पुरात भंडाऱ्यात दोन दिवस ती पाण्याखाली होती, लिलावात स्वस्तात मिळाली म्हणून त्यानं घेतली. वाटलं होतं, दुरुस्त करून दुपटीनं विकू. पण वायरिंग बदललं तर कॉम्प्युटर बंद, तो बदलला तर ब्रेक बिघडल्याचा दिवा लागलेला. किती गिऱ्हाइकं आली आणि गेली, गॅरेजचा सारा पैसा तिच्यात अडकून पडला. अमर हे सगळं खाली पाहून एका दमात बोलला. पाठ केल्यासारखं.

पैशाचं तुलारामला काहीच वाटलं नाही. पोरानं नुसते मागितले असते तरी त्यानं दिले असते, आणि हे अमरलाही माहीत होतं. त्यानं विचारलं, "मग मलेच काहून?"

अमरनं पहिल्यांदा मान वर केली. "बाकीचे सारे पट्टा ओढून पाह्यतात, मामा. तुम्ही ओढणार नाही, हे मले मालूम होतं."

"आन् मामी? तिले याच्यात बसवणार होतो मी. ब्रेकचं मालूम असून?"

"सालभर तरी चालली असती," अमर म्हणाला.

सालभर. पुढं काय, ते विचारायची तुलारामला हिंमत झाली नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यानं मूठ झटकली, खिशात चेक आहे का चाचपून पाहिलं, आणि जायला निघाला. निघताना, काय म्हणावं या माणसाला, तो वाकला. सवयीनंच वाकला असेल. मेल्या बहिणीसाठीही वाकला असेल. मन नको म्हणत होतं आणि कंबर वाकत होती. अमर दोन पावलं मागं सरला. तुलारामचा हात गॅरेजच्या ऑइलनं बरबटलेल्या फरशीवर टेकला, आणि तोच हात त्यानं कपाळाला लावला.

एसटीनं तो परत आला. फाट्यावरून घरापर्यंत चालत गेला. सुलोचनाबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, ताट मांडीवर. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या मागं पाहिलं. गाडी कुठं आहे, त्यांनी विचारलं. गाडी घेतली नाही, पसंत पडली नाही, असं तो म्हणाला. त्यांनी हुश्श केलं. मले एसटीच बरी, म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष त्याच्या कपाळाकडे गेलं. त्यांनी पदराचं टोक धरून तो काळा डाग पुसला, तो आणखीच पसरला.

"हे काय लागलं जी?"

"अमरच्या पाया पडलो होतो."

त्या हसल्या. खुर्चीशेजारी ठेवलेल्या, मघाशीच तळलेल्या वड्यांवरचं झाकण त्यांनी काढलं. "मंग त्याले संगं आणाचं ना जेवाले. त्याच्यासाठीच तर केले."

तुलाराम ओट्यावर बसला.

"त्याले काम होतं," तो म्हणाला.