परतीचं तेल

दोन देशांचं बिनसलं की पुढारी एकमेकांशी बोलायचे थांबतात. पाइपलाइनवर बसलेल्यांना तशी चैन परवडत नाही. एकाने पंप सुरू करायचा आणि दुसऱ्याने झडप उघडायलाच विसरायचं, तर केवढ्याला पडेल ते! म्हणून सीमेच्या अलीकडच्या स्टेशनातली ताई आणि पलीकडच्या स्टेशनातले काका कित्येक वर्षं रोज सकाळी फोनवर बोलत आले होते. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पण काकांचा कुठला गुडघा दुखतो हे ताईला ठाऊक होतं, आणि ताईच्या मुलीचं गणितात घोडं अडतं हे काकांना.

"ताई, सोडतोय हं."

"सोडा काका. झडप उघडी आहे."

एवढं झालं की तिकडचं कच्चं तेल टेकडीखालून इकडे यायला लागायचं, आणि मग निवांतपणे गुडघ्याचा विषय निघायचा.

यंदा तेलाच्या भावावरून दोन देशांची जुंपली. तिकडचे म्हणाले, वाढवून द्या. इकडचे म्हणाले, एक पैसाही नाही. दोघेही हट्टाला पेटले. "सीमेपलीकडून एक थेंबही तेल घेऊ नये" असा हुकूम ताईच्या स्टेशनात आला, आणि "सीमेपलीकडे एक थेंबही देऊ नये" असा काकांच्या. झालं! पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, रस्त्यावरच्या बस निम्म्यावर आल्या. ताईचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. डिझेल मिळेना, तशी व्हॅन दारात उभी राहिली आणि नवरा स्वयंपाकघरात शिरला. पहिल्याच दिवशी त्याने भाजी करपवली. सासूबाईंनी ती मिटक्या मारत खाल्ली आणि वर म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या हाताला काय चव आहे!" ताईच्या भाजीबद्दल त्या बाईंनी आजवर कधी चकार शब्द काढला नव्हता. पण कामावरून आल्यावर आयतं ताट समोर येतंय म्हटल्यावर ताई कशाला तक्रार करतेय? रांगा, टंचाई सगळं खरं, पण घरात त्या दिवसांत मजाच होती.

खरी काळजी होती ती स्टेशनात. हे तेल भारी नखरेल. वाहतं आहे तोवर गुणाचं, आणि थंडीत एका जागी उभं राहिलं की खोबरेलासारखं थिजून बसणार. एरवी पलीकडच्या भट्टीत तापवूनच ते यायचं, त्यामुळे कधी प्रश्न आला नव्हता. आता भट्टी विझलेली, पंप बंद, आणि टेकडीखालचा अख्खा पाइप तेलाने भरलेला. थंडी तर रोज वाढत होती. एकदा का तेल आत थिजलं की पाइप कायमचा कामातून गेला. उद्या भांडण मिटलं तरी तेल आणणार कशातून? पलीकडून येणाऱ्या तेलावर अर्धा देश चालत होता. ताईला जेवण गोड लागेना.

तिने काकांना फोन केला. काकांचीही तीच रड होती. दोघांनी मिळून डोकं चालवलं, आणि ताई थेट साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब तसे भले, पण जिवाला फार जपायचे. वरून कागद आला की आधी पित्ताची गोळी घ्यायचे आणि मग तो वाचायचे.

"साहेब, तेल हलतं ठेवायला हवं," ताई म्हणाली. "आज आपल्या टाकीतलं तेल आपण तिकडे ढकलू. उद्या ते तेवढंच इकडे ढकलतील. परवा पुन्हा आपण. कुणी काही घेतलं नाही, कुणी काही दिलं नाही. पाइप तेवढा जिवंत राहील."

साहेबांनी हुकुमाचा कागद काढला. चष्मा वर केला, खाली केला.

"घेऊ नये म्हटलंय," ते हळूच म्हणाले. "देऊ नये असं कुठं म्हटलंय?"

"आणि परत येईल ते?"

"ते तर आपलंच! आपली वस्तू आपण घरी आणली तर तिला काय खरेदी म्हणतात?" साहेब स्वतःवरच खूश झाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "पण ताई, त्यांनी परत दिलंच नाही तर? लोक कॅन घेऊन रांगेत ताटकळतायत, आणि आपण होतं ते तेल भांडणाऱ्यांच्या घशात घालायचं? नोकरी तर जाईलच, पण गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"काका देतील परत."

"तुम्ही पाहिलंय तरी का त्यांना?"

"नाही," ताई म्हणाली.

साहेबांनी हुकुमाचा कागद घडी घालून खणात ठेवला. मग म्हणाले, "बरं. करा. मी इथंच बसतो. काही झालं तर दोघांनी मिळून केलं म्हणू." साहेबांनी असं काही म्हणावं हे ताईच्या स्वप्नातही आलं नसतं. ती उठली ते लगबगीनेच.

तिकडच्या हुकुमात "देऊ नये" एवढंच होतं, घ्यायला कुणाची ना नव्हती, आणि ज्याचं त्याला परत करणं म्हणजे काही देणं नव्हे. काकांनी त्यांच्या साहेबांना तेच पटवलं होतं. म्हणजे सुरुवात ताईलाच करायची होती. त्या दिवशी पहिल्यांदाच ती फोनवर म्हणाली, "काका, सोडतेय हं."

"सोडा ताई," काका म्हणाले. "झडप उघडी आहे."

दिवसभर तेल जात राहिलं. टाकीची पातळी किती उतरली ते ताई दर थोड्या वेळाने जाऊन बघत होती. संध्याकाळी ती घरी पोचते तर नवराही नुकताच आलेला, हातात रिकामा कॅन.

"सकाळपासून उभा होतो," तो म्हणाला. "माझा नंबर आला आणि पंपवाल्याने दोरी बांधली. एक थेंब नाही म्हणे! कुठं जातं गं एवढं तेल?"

ताईला हातातल्या चहाचा ठसका लागला. सासूबाईंनी पाणी पुढे केलं आणि लेकाकडे डोळे वटारले. "तिला काय विचारतोस? ती काय तेल पिते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वेळेच्या आधीच पाइपातला प्रवाह दाखवणाऱ्या काट्यासमोर येऊन बसली. चहा झाला, तरी काटा शून्यावर. तिने फोन लावला. नुसतीच घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तेच. इतक्या वर्षांत काकांनी फोन उचलला नाही असं एकदाही घडलं नव्हतं.

साहेब आत आले, काट्याकडे पाहिलं आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले ते गोळ्यांची डबी घेऊनच. एक स्वतः घेतली आणि एक ताईपुढे धरली. ताईने ती मुकाट्याने गिळली. काकांना वरून कुणी दटावलं असेल का? की आपणच मूर्ख, नुसत्या आवाजावर देशाचं तेल देऊन बसलो? डोळ्यांपुढे नवऱ्याचा रिकामा कॅन येत होता. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा काटा हलला.

"साहेब!" ताई केवढ्यांदा तरी ओरडली. साहेब धावत आले. काटा डुगडुगला, चढला आणि ठरल्या आकड्यावर जाऊन स्थिर राहिला. तेल येत होतं! साहेबांनी मटकन खुर्चीत बसून कपाळाचा घाम पुसला.

उरलेली दुपार दोघं तिथेच बसून होती. आधी पाइपातच राहिलेलं तेल आलं, गारढोण. त्यामागून काल काकांच्या टाकीत पोचलेलं यायला लागलं, आणि शेजारचा तापमानाचा काटा चढू लागला. ताईने त्यावर टिचकी मारली. बिघडला असावा. काटा तरीही चढतच राहिला. ती उठली, बाहेर पाइपापाशी गेली आणि वेष्टण सुटलेल्या जागी पालथा हात टेकवला. पाइप चांगला कोमट झाला होता.

ती आत आली तेव्हा फोन वाजत होता.

"ताई, मिळालं का?" काका धापा टाकत होते. "उशीर झाला हो. भट्टी पेटता पेटेना. गार पडलेली ना, सकाळपासून तिच्याशीच झटापट चाललीय. तिथून फोन ऐकू येत नाही."

"काका, तेल तापवून पाठवलंत?" ताईने विचारलं. "असं कुठं ठरलं होतं? भट्टीला तुमचं इंधन जळलं असेल. तुमच्याकडे तुम्हाला कुणी बोलणार नाही?"

"बोलतील की. बोलू देत." काकांनी धाप आवरली. "काल आमच्याकडे सगळे म्हणत होते, ती बाई कशाला सोडतेय तेल? तिच्या देशात टंचाई आहे, वेडी आहे का ती? मी म्हटलं, सोडेल. म्हटलं खरं, पण ताई, जीव टांगणीला लागला होता हो माझा. आणि तुम्ही सोडलंत. आता तुम्हीच सांगा, शेजारणीकडून आलेलं भांडं कुणी रिकामं परत पाठवतं का?"

ताईने फोन कानाशी तसाच धरून पदराने डोळे टिपले. शेवटी साहेबांनीच तिच्या हातातला फोन घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "नमस्कार काका. उद्या आमची पाळी."