अरुकुदीच्या गाडीचं उजवं दार

"फुंडी, या गाडीला एसी बसवायचाय," अरुकुदी म्हणाली.

लोसिके लॉरीखालून सरपटत बाहेर आला. हात चड्डीला पुसले आणि समोरच्या जुन्या लँडक्रूझरकडे बघून हसला. साऱ्या लोडवार गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे फुंडी, म्हणजे मिस्त्री, असंच म्हणत, पोलीससुद्धा.

"हिला? पोरी, हिला तेवीस वर्षं झाली. ही चारही चाकांनी वाळू उपसते, नदी ओलांडते, ते पुरे नाही का? आता आमच्या आजीलाही लिपस्टिक लावायची म्हण."

"मला गारवा नकोय," ती म्हणाली. "मला काचा वर करून चालवायचीय."

लोसिकेचं हसू जागच्या जागी थांबलं.

चौदा महिन्यांपूर्वी तिचा नवरा एदुकोन याच गाडीत मेला होता. तलावावरची सुकी मासळी घेऊन तो किटालेला निघाला होता, आणि शेजारच्या सीटवर त्याचा धाकटा भाऊ लोतियांग होता. लोतियांगने सगळ्यांना सांगितलं ते असं : ओढ्यापाशी गाडी हळू झाली, झुडपातून एक लुटारू उठला, एदुकोनच्या बाजूच्या उघड्या खिडकीतून बंदूक आत घातली आणि झाडली, मी दार उघडून पळालो म्हणून वाचलो. त्या रस्त्यावर असं पूर्वीही घडलेलं होतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पोलिसांनी जबाब लिहून घेतला. उन्हामुळे प्रेत ठेवणं शक्य नव्हतं. लोतियांगने स्वतःच ते चादरीत गुंडाळलं, त्याच दिवशी पुरलं, आणि गाडीही स्वतःच धुतली.

दीर विधवेला घरात घेतो, हे तिकडे रीतीचंच. लोतियांग महिन्याभरात आला तोही तीच मागणी घेऊन. अरुकुदी नाही म्हणाली. त्याने तिला अंगणात, सासूच्या डोळ्यांदेखत, पाण्याच्या डब्याने मारलं. तिचे पुढचे दोन दात गेले आणि डावं मनगट वाकडं जुळलं. तरी ती नाहीच म्हणाली. शेवटी झाडाखाली म्हातारे बसले आणि त्यांनी निकाल दिला : बाई तिच्या मर्जीने राहील आणि गाडीही तिची. लोतियांगने गाडी तिच्या दारात आणून उभी केली आणि किल्ली वाळूत फेकली. तेव्हापासून ती स्वतःच मासळी नेत होती. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काचा बंद करून एकदा गेली होती. वाटेतल्या लोकिचारला पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपत आली होती.

लोसिकेने नैरोबीहून एका फुटलेल्या गाडीचा एसी बसने मागवला. काम सोपं नव्हतं. इंजिनाला कॉम्प्रेसर धरायला जागा नव्हती, तेव्हा त्याने जाड पत्रा कापून ब्रॅकेट बनवलं. रेडिएटरच्या पुढे जाळी बसवली, डॅशबोर्डखाली गार हवेचा डबा अडकवला, मधल्या पत्र्याला दोन भोकं पाडून नळ्या आत घेतल्या. चौथ्या दिवशी त्याने दारं उघडायला घेतली. काचांची रबरं वाळून भाकरीसारखी झाली होती. ती बदलल्याशिवाय गारवा आत टिकला नसता.

डावं दार झालं. उजव्या दाराचं, म्हणजे चालकाच्या बाजूचं आतलं अस्तर काढताना त्याच्या बोटांना एक ठिगळ लागलं. काळ्या रेक्झिनचा तुकडा, नीट डकवलेला. त्याने तो नखाने उचलला. खाली करंगळीएवढं भोक होतं. अस्तर काढलं तर त्याच्या पाठीवर वाळलेल्या रक्ताचा तपकिरी ओघळ होता. बाहेरचा पत्रा त्याच ठिकाणी आतून बाहेर फुगला होता, आणि दाराच्या तळाशी, गंजाच्या चुऱ्यात, चेपलेली गोळी पडली होती.

लोसिके तिथेच मातीत बसला.

चौदाव्या वर्षी त्याच्या हातात बंदूक आली होती. दुसऱ्यांची गुरं वळवून आणायला तो सहा वेळा गेला होता, आणि सहाव्या खेपेला जमिनीवर पडून पाणी मागणाऱ्या एका माणसाला त्याच्या सोबत्यांनी दगडांनी संपवलं, तेव्हा तो बाजूला नुसता उभा राहिला होता. त्यानंतर त्याने बंदूक टाकली आणि पाने-पकडी हातात घेतल्या. पण गोळीची वाट ओळखायला तो विसरला नव्हता. बाहेरून आलेली गोळी चालकाच्या अंगातून डावीकडे गेली असती. ही उजवीकडे गेली होती. पिस्तुलाची गोळी, जवळून झाडलेली, डाव्या सीटवरून. आणि डाव्या सीटवर एकच माणूस बसलेला होता.

गोळी त्याने शर्टाच्या खिशात ठेवली. रात्रभर त्याला वाटत राहिलं की अस्तर परत लावावं, रबर बसवावं, गाडी देऊन टाकावी. बाई जगतेय, तिला जगू द्यावं. सकाळी उठून त्याने तिला निरोप धाडला : आज एसीचा गॅस भरतो, दुपारी एकला ये, गाडी चालवून बघ. अस्तर मात्र त्याने परत लावलं नाही.

लोतियांग तिच्या आधी आला.

बारा वाजून गेले होते. त्या वेळी लोडवारमध्ये कुत्रंही सावली सोडत नाही. बाजार निपचित पडलेला असतो. इंजिन चालू होतं, बॉनेट उघडं होतं, आणि लोसिके एका हाताने गॅसची डबी धरून मापकाच्या काट्याकडे बघत होता. फाटक सरकल्याचा आवाज आला, मग कडी लागल्याचा.

"फुंडी, वहिनीचे लाड चाललेत म्हणे," लोतियांग म्हणाला. तिशीचा, उंच, अंगावर इस्त्रीचा शर्ट. मनगटावर मात्र जुन्या लोकांसारखं गोल पातं होतं, कड्यासारखं, चामड्याच्या म्यानात. "बाईमाणूस थंड हवेत बसणार, आणि आम्ही?"

"तूही बसव. गाडी आण, बसवून देतो."

"गाडी तर होतीच माझी." तो चालत उजव्या बाजूला गेला आणि थांबला. उघड्या दाराकडे त्याने बराच वेळ पाहिलं. "हे का सोललंस?"

"रबर बदलायला."

"रबर." त्याने पात्यावरचं चामडं सोडवलं. "गोळी कुठाय?"

लोसिकेने आजवर गोळीचं नावही काढलं नव्हतं. दोघांनाही ते एकदमच उमगलं.

लोतियांगचा हात फिरला. पहिल्या वाराने लोसिकेचा खांदा उघडला, दुसऱ्याने कोपराखालचं मांस सुटून लोंबलं. लोसिकेने पाना उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. लोतियांगचा ओठ फाटून दातांवर रक्त आलं, पण तो मागे हटला नाही. त्याने म्हाताऱ्याला छातीवर रेटत उघड्या इंजिनावर उताणा पाडला. तोल सावरायला लोसिकेने डावा हात मागे टेकला, आणि तो हात चालत्या पट्ट्यावर पडला.

आवाज झाला तो ओली काटकी मोडावी तसा. त्याने हात ओढून घेतला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हाताला नव्हतं. रक्त पंख्यावर पडून दोघांच्याही तोंडावर उडालं.

"तुला काय पडलं होतं रे म्हाताऱ्या," लोतियांग धापा टाकत म्हणाला. "तू एसी बसवायचास आणि गप बसायचास." त्याने गळ्यावर वार केला. लोसिकेने मान फिरवली, आणि पातं गॅसची पिवळी नळी कापत गेलं.

डबी फुसफुसायला लागली. वीस वर्षं लोसिके तेच काम करत होता. डबी सरळ धरली की नुसती हवा येते, उलटी धरली की पातळ बर्फ येतो, हे त्याच्या हाताला डोक्याआधी ठाऊक होतं. त्याने उजव्या हाताने डबी उलटी केली आणि कापलेल्या नळीचं तोंड लोतियांगच्या डोळ्यांवर धरलं.

लोतियांग ओरडला तो माणसासारखा नव्हे. पांढरा फवारा त्याच्या पापण्यांवर, नाकावर, फाटलेल्या ओठावर थिजत गेला. तो गुडघ्यांवर आला, दोन्ही हातांनी तोंड ओरबाडू लागला, आणि नखांबरोबर कातडी निघू लागली. लोसिकेने डबी संपेपर्यंत नळी हलवली नाही. मग त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, हाताला चिंधी गुंडाळली आणि फाटकापर्यंत चालत जाऊन कडी काढली. बाहेर अरुकुदी उभी होती. आरडाओरडा ऐकून ती फाटक ढकलत होती.

तिने आधी लोसिकेचा हात पाहिला, मग जमिनीवरचा दीर.

"काय झालं?"

"दार बघ," लोसिके म्हणाला. "उजवं. गोळी आतून गेलीय, पोरी. शेजारच्या सीटवरून."

ती गेली. दारापाशी वाकली. फुगलेल्या पत्र्यावरून तिने आतून हात फिरवला, अस्तरावरचा ओघळ पाहिला. परत आली तेव्हा तिच्या हातात चाकं खोलायचा लांब पाना होता.

लोतियांगला तिची चाहूल लागली. त्याने आंधळेपणाने कमरेला हात नेला; शर्टाखाली पिस्तूल होतं, आवाज होऊ नये म्हणून आतापर्यंत न काढलेलं. ते बाहेर येण्याआधी पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं तिघांनीही ऐकलं. पिस्तूल मातीत पडलं, ते तिने पायाने गाडीखाली सरकवलं.

"त्याने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"वहिनी, पाणी. डोळ्यांवर पाणी घाल."

दुसरा घाव गुडघ्यावर बसला. "मी विचारलं, काय केलं होतं त्याने?"

"पोत्यात काडतुसं सापडली त्याला," लोतियांग म्हणाला. त्याची जीभ सुजली होती, शब्द चिकटत होते. "मासळीच्या पोत्यात. माझी होती. म्हणाला, पुढच्या चौकीवर थांबतो, तिथे सांग काय सांगायचं ते. मी म्हटलं, भाऊ ना तू माझा? तो म्हणाला, म्हणूनच चौकीवर थांबतोय. गाडी वळवेना."

"मग?"

"मग काय. मी झाडली."

"लगेच मेला?"

त्याने तोंड फिरवलं. तिसरा घाव बरगड्यांवर बसला.

"नाही," तो कण्हत म्हणाला. "पाणी मागत होता."

तिने पाना दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. वाकड्या जुळलेल्या मनगटाला तो पेलवत नव्हता, तरी तिने उचलला. लोसिकेने पुढे होऊन एका हाताने तो वरच्या वर धरला.

"सोडा, फुंडी."

"नाही सोडत."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे," लोसिके म्हणाला. "मी एकदा असाच बघत उभा राहिलोय. पस्तीस वर्षं झाली, अजून तो माणूस मेलेला नाही."

तो पाना त्यांनी किती वेळ तसा धरला होता ते दोघांनाही सांगता आलं नाही. त्याच्या चिंधीतलं रक्त तिच्या केसांवर ठिबकत होतं. मग तिचे हात खाली आले. तिने कोपऱ्यातला पाण्याचा डबा उचलून आणला आणि लोतियांगच्या तोंडावर उपडा केला. त्यानंतर ती रस्त्यावर जाऊन लोकांना हाका मारू लागली.

लोतियांगचा उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड-अंधार कळतो एवढंच. पिस्तूल, गोळी आणि दार, तिन्ही कोर्टात नेली गेली, आणि त्याला जन्मठेप झाली. लोसिके इस्पितळात नऊ दिवस होता. दहाव्या दिवशी तीन बोटांच्या हाताने त्याने गाडीला दुसरं दार लावलं, नवी नळी जोडली, गॅस भरला. आत बसून काचा वर केल्या. पाच मिनिटांत त्याच्या दंडावरचे केस उभे राहिले. किल्ली देताना त्याने अरुकुदीला एवढंच सांगितलं, की चढावर एसी बंद कर, नाहीतर इंजिन तापेल.

खटला संपल्यावर एदुकोन आणि लोतियांगची आई नाकाली एका सकाळी गॅरेजवर आली. काठी टेकत, एकटी. कोर्टातून परत आलेलं जुनं दार भिंतीशी टेकवून ठेवलं होतं, तिने ते दाखवायला सांगितलं. फुगवट्यावर तिने अंगठा टेकवला.

"इथून?"

"हो, आई."

ती दारापाशीच मातीत बसली. लोसिकेने चहा आणला तो तिने घेतला नाही.

"डोळे तू घालवलेस त्याचे?" तिने विचारलं.

"हो."

"एक मुलगा मेला, आणि दुसऱ्याला मी दिसत नाही." तिने थोटक्या बोटांचा हात आपल्या हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि सोडून दिला. "आता मला तुरुंगाशी पोचवायला कुणी नाही. चालवत नाही मला तेवढं."

हे तिने लोसिकेला सांगितलं खरं, पण त्याच वेळी अरुकुदी तेल बदलायला गाडी घेऊन आली होती आणि फाटकात उभी राहून ऐकत होती. ती आत आली. तेल बदलून होईपर्यंत थांबली. मग तिने डावं दार उघडलं, सासूची काठी मागे ठेवली आणि तिला काखेत हात घालून वर चढवलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती म्हातारीला तुरुंगाच्या भिंतीपर्यंत नेते. म्हातारी डब्यात बकऱ्याचं मांस घेऊन उतरते आणि तासाभराने परत येते. अरुकुदी तोवर काचा वर करून, इंजिन चालू ठेवून आत बसते. फाटकाकडे बघत नाही, म्हातारीला काही विचारत नाही. पण नेणं तिने एकदाही चुकवलेलं नाही.