टिपणिसांच्या घरातली अमेरिका

"माणसाने माणसाचा मालक व्हावे, यापरते पाप पृथ्वीच्या पाठीवर नाही!" कल्याणच्या टिपणिसांच्या माजघरात उभे राहून अण्णा गरजले, आणि त्याच दमात ओरडले, "हौसा, माझी पगडी कुठाय?"

"डोक्यावर," आतून हौसा म्हणाली.

साल अठराशे एकसष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. अमेरिकेत यादवी पेटल्याच्या बातम्या मुंबईच्या पत्रांतून येत होत्या आणि कल्याणात जो तो अमेरिकेविषयी बोलत होता, म्हणजे कापसाच्या भावाविषयी. लढाईचं खरं कारण गावाला कळावं म्हणून इंग्रजी शाळेचे मास्तर अण्णा शनिवारी मारुतीच्या देवळात व्याख्यान देणार होते. त्याची ही तालीम. श्रोत्या दोन, पत्नी लक्ष्मीबाई आणि विधवा आत्या आवडाबाई. पैकी आत्या पेंगत होत्या.

"उत्तरेला गुलाम नाहीत," अण्णा सांगू लागले. "दक्षिणेला कापूस, आणि कापूस वेचायला विकत घेतलेली माणसं. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या वर गुलाम नकोत, खाली चालतील. भांडण मिटलं. पुढे नवा मुलूख हाती आला की पुन्हा भांडण, पुन्हा तडजोड. शेवटी उत्तरेच्या मनासारखा अध्यक्ष निवडून आला, तशी दक्षिणेने चूल वेगळी मांडली आणि सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या!"

"कळलं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पण मग आपली हौसा कोण?"

अण्णांचा हात हवेतच राहिला. हौसा म्हणजे हौसा. आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून अण्णांना भरवणारी, न्हाऊ घालणारी, तापात उशाशी बसणारी. ती कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. नाक कोण, असं कोणी विचारतं का?

आत्या मात्र खडबडून जाग्या झाल्या. "कोण म्हणजे? कुणबीण! पेशवाईतल्या दुष्काळात माझ्या वडिलांनी तिच्या मामाकडून विकत घेतली. चांगला तांब्याचा हंडा मोजला!"

दुसऱ्या दिवशी अण्णा ओळखीच्या वकिलांकडे जाऊन आले ते पांढरेफटक होऊन. कंपनी सरकारने अठरा वर्षांपूर्वीच कायदा केला होता. कोणी कोणाचा मालक नाही. हौसा मोकळी होती, फक्त तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आत्ता सांगायला हवं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"खबरदार!" आत्या म्हणाल्या. "दळण कोण दळणार? आणि माझ्या वडिलांचा हंडा कोण परत देणार?"

"संक्रांत झाली की सांगू," अण्णा म्हणाले.

"इकडून ती रेघ ओढणं चाललंय," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी आत्यांनी लोणच्याची बरणी उचलली आणि मागच्या पडवीत खरोखरच वेगळी चूल मांडली. लक्ष्मीबाई बरणी परत आणायला गेल्या, तेव्हा पडवीतून पळी आली. ती अण्णांना लागली. तडजोड करणाऱ्यालाच आधी लागतं, हे अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत कुठे छापलेलं नव्हतं.

कपाळ चोळत अण्णा जात्याशी गेले आणि त्यांनी हौसाला सगळं सांगून टाकलं.

जातं थांबलं. "अठरा वर्षं?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"नाही गं. शप्पत."

"मग सरकारने सांगितलं तरी कुणाला?" हौसाने पीठ भरलं, हात झटकले. "अठरा वर्षांमागं माझी धाकटी बहीण जिती होती रे. ती गेली तेव्हा मी शहाडला जाते म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, पापड व्हायचेत."

हौसाने दुसरं लुगडं काखेत मारलं. "सगुणेकडं जाते. बहिणीची लेक." जन्मात पहिल्यांदा ती न विचारता उंबरा ओलांडून गेली.

"परत येणार का, ते विचारलं?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"कसं विचारू? मी विचारलं तर ती येईल."

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. पडवीतून आत्यांनी, युद्ध न थांबवता, वाटीभर लोणचं पाठवलं.

शनिवारी देवळात गर्दी झाली. अण्णा बोलले, पण डोळे दाराकडे. कोणीतरी उठून विचारलं, "मास्तर, शेवटी काय होणार?"

"मला खरंच ठाऊक नाही हो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज असा फुटला, की कल्याणच्या लोकांना पहिल्यांदाच अमेरिकेबद्दल वाईट वाटलं.

व्याख्यान संपवून पायऱ्या उतरतात तो, शेवटच्या पायरीवर हौसा बसलेली.

"आलीस!"

"आले. मला वाटलं म्हणून आले, तुमची म्हणून नाही. आठ दिवस इथं राहीन, आठ दिवस सगुणेकडं. आत्याबाईंना सांग, दळण निम्मं-निम्मं. आणि हौसाबाई म्हणायचं."

"हौसाबाई!" अण्णांनी उपरणं सावरलं, छाती भरून घेतली. मागचे लोकही थांबले. "आज या पायरीवर जे घडते आहे, ते साता समुद्रांपलीकडे तोफांनाही..."

"ते राहू दे रे. येताना टाचेत काटा गेलाय, मला दिसेना. चष्मा लाव नि तेवढा काढ."