शेअर क्रमांक ४०१२

कंपन्या एकूण त्रेसष्ट होत्या. एकेचाळीस एका मोठ्या रेल्वेला नऊशे नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेल्या, चौदा नव्व्याण्णव वर्षांच्या, आठ पूर्ण मालकीच्या. त्रेसष्ट कंपन्यांची मिळून इंजिनं शून्य, डबे शून्य, नोकर शून्य. प्रत्येकीचे पाच डायरेक्टर, आणि सगळीकडे तेच पाच. त्यातले एक प्रतापकाका.

ते बाबांचे नागपूरचे मित्र. फिलाडेल्फियात त्या रेल्वेच्या हेड ऑफिसात या फक्त रुळांच्या मालकीपुरत्या उरलेल्या कागदी कंपन्या सांभाळायचे. १९८४ च्या उन्हाळ्यात रेल्वेने त्या सगळ्या स्वतःत विलीन करायचं ठरवलं. मी नुकतीच स्टेट कॉलेजहून केमिस्ट्रीत एम.एस. झाले होते. काकांच्या हाताखाली तीन महिन्यांचं काम मिळालं आणि मी त्यांच्याच घरी राहिले.

पहिल्याच दिवशी ड्राइव्ह करताना ते म्हणाले, "शेवटची कंपनी मर्ज झाली की माझी पोस्ट कॅन्सल. आणि रेल्वेच्या पेन्शनला एकशेवीस महिने लागतात. महिन्यात एक दिवस काम केलं तरी तो महिना धरतात. मी ऑक्टोबर चौऱ्याहत्तरला लागलो."

"म्हणजे सप्टेंबरमध्ये एक दिवस," मी हिशेब केला.

"एकच."

काका आठवड्याला दोन कंपन्या संपवायचे. मी सगळ्या शेअरांची कार्डं केली, क्रमांकाने लावली. वेग आठवड्याला सहावर गेला.

"अगं दीपा, सावकाश," काका म्हणायचे. "या भाडेपट्ट्याला सन दोन हजार आठशे सत्तरपर्यंत मुदत आहे. तुला काय ट्रेन पकडायचीय?"

मला ते गमतीत वाटायचं.

ऑगस्टच्या मध्याला एकच कंपनी उरली, मॉस क्रीक अँड समिट. तिच्या रुळांची लांबी अकरा पूर्णांक तीन मैल. सगळे शेअर हातात आल्याशिवाय तिचं विलीनीकरण होत नव्हतं आणि एक शेअर सापडत नव्हता, क्रमांक ४०१२. डायरेक्टरच्या नावावर निदान एक शेअर लागतो, म्हणून प्रत्येकाला एकेक दिलेला असे. तो सही करून ऑफिसच्या कपाटात ठेवायचा. काकांनी यादीत त्यापुढे 'शोध चालू' लिहिलं होतं.

एकोणीस तारखेला, रविवारी, वीणाकाकूंनी मला देवघर पुसायला सांगितलं. स्वयंपाकघरातल्या एका कपाटाचं त्यांनी देवघर केलं होतं. गणपतीमागे काचेच्या फ्रेममध्ये हिरव्या नक्षीचा एक कागद होता. वरच्या कोपऱ्यात कागदालाच लावलेलं कुंकू. मी क्रमांक वाचला.

"ते नीट पूस हो," काकू म्हणाल्या. "काका डायरेक्टर झाले तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला त्याची पूजा करते मी."

"एका शेअरचा डायरेक्टर," काका पेपरामागून म्हणाले.

"एक का असेना. तुमच्या भावाकडे आहे का?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पान उलटलं.

सोमवारी सकाळी साहेब, मिस्टर हॉलंड, आमच्या खोलीत आले. "किती राहिल्या?"

"एकही नाही," मी म्हटलं. "४०१२ सापडला. काकांच्या घरी आहे." अडीच महिन्यांनी यादी पूर्ण झाली होती. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या, शेअर आणि सप्टेंबर. त्या क्षणी मी फक्त यादी पाहत होते.

साहेबांनी काकांकडे पाहिलं.

"हो," काका म्हणाले. "घरीच आहे. उद्या आणतो."

घरी जाताना त्यांनी रेडिओ लावला. पुलाजवळ मी म्हटलं, "काका, मी..."

"डावीकडची लेन मोकळी आहे का बघ."

मी पाहिलं. मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रेम उघडून कागद दिला. कुंकू पुसून निघालं नाही. त्यावरच 'रद्द'चा शिक्का बसला. एकोणतीस तारखेला विलीनीकरणाचे कागद दाखल झाले. शुक्रवारी, एकतीस ऑगस्टला, काकांचा शेवटचा दिवस होता. त्यांनी टेबल रिकामं केलं आणि माझी कार्डं खोक्यात क्रमाने भरायला मदत केली. खोकी सात झाली.

नोव्हेंबरमध्ये पेन्शन बोर्डाचं पत्र आलं. काकूंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं. लागणारी सेवा, एकशेवीस महिने. झालेली सेवा, एकशे एकोणीस.