माझे लंगडणे आणि नूरमहंमदचे घर

मित्रांनो, मी राहात्यातली एक म्हातारी घोडी आहे. खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर मी जन्मले. ऐन उमेदीत असताना नूरमहंमदने मला टांग्यासाठी विकत घेतले. कोल्हारच्या रस्त्यावर मी वर्षानुवर्षे धावले. "लई गुणाची घोडी हाय," असे उतारू म्हणत आणि मला ते फार आवडे. आज मात्र मला धावण्याबद्दल नाही, एका सकाळी लंगडल्याबद्दल सांगायचे आहे.

ते एकोणीसशे सत्तर साल होते. नूरमहंमद आणि त्याची बायको खातून भाड्याच्या खोलीत राहत. गावातले दोन खोल्यांचे एक घर विकायला निघाले. त्याच्या मागे पत्र्याचा तबेलाही होता. ते विकत घेण्यासाठी, तेच घर गहाण ठेवून घेऊन, पैसे द्यायला गुळाचे व्यापारी सूर्यभानशेठ तयार झाले.

"दोन तऱ्हा हायेत," शेठ म्हणाले. "नजरगहाण केलंस तर घरात तू राहा आन् दर महिन्याला मला हप्ता दे. हप्ते थकले तर घर गेलं. ताबेगहाण केलंस तर हप्ता न्हाई, व्याज न्हाई. पैसे जमतील तसे फेड, पन फिटेपर्यंत घर मी वापरनार. तुमी मागं तबेल्यात राहा."

नूरमहंमदला नजरगहाण हवे होते. दुसऱ्या दिवशी कागद करायला आम्ही निघालो आणि वाटेत माझ्या खुरात खडा रुतला. मी लंगडू लागले. तो खाली उतरला, त्याने माझा गुडघा चाचपला, पण घाईत खूर उचलून पाहिला नाही.

"थकली ही," तो पुटपुटला. "हप्ता कुनाच्या जिवावर कबूल करू?"

त्याने ताबेगहाण केले. संध्याकाळी नालबंदाने खडा काढून नूरमहंमदच्या हातावर ठेवला. "पाय चांगला हाय की हिचा," तो म्हणाला. पण कागद तर होऊन गेला होता.

खातूनने नव्या घराची समोरची खोली सारवून ठेवली होती. तिला कागदाचे कळले ते दारात गुळाच्या ढेपी उतरल्या तेव्हा. ती भांडी उचलून तबेल्यात आली. मधे गोणपाटाचा पडदा लावला. एका बाजूला ती दोघे, दुसऱ्या बाजूला मी.

पुढच्या वर्षी ती बाळंत व्हायची होती. नूरमहंमद शेठकडे गेला आणि एक खोली मागितली.

"कागद तूच असा मागितलास," शेठ म्हणाले. "ढेपी कुठं ठेवू?"

त्यांची मुलगी मलिका तबेल्यातच जन्मली. माझ्या कडब्याच्या धुळीने ती खोकायची. मी अगदी हळू चघळायची, माशा चावल्या तरी पाय आपटायची नाही. पण धूळ कशी थांबणार? टांगा मात्र मी एक दिवसही चुकवला नाही. दुष्काळात अर्ध्या चाऱ्यावरही ओढला. माझा प्रत्येक चांगला दिवस नूरमहंमदला बोचत असे. हप्ते सहज फेडता आले असते, हे त्यालाही कळत होते आणि मलाही.

त्र्याहत्तर साली शेठचे पैसे फिटले आणि खोल्या मोकळ्या झाल्या. खातून समोरच्या खोलीत उभी होती. नूरमहंमद दारातच थांबला; त्याच्यामागे मी टांग्याला जुंपलेली होते.

"मी तवा तुला इचारायला पायजे हुतं," तो म्हणाला.

"इचारलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "या खोलीत मी बांगड्यांचं दुकान टाकनार हुते. निम्मा हप्ता मी भरला असता. तुमी घोडीचे चार पाय मोजले, मलिकाचे अब्बा. माझे दोन हात मोजले न्हाईत."

त्याने मान खाली घातली. मीही घातली.

मित्रांनो, मुके जनावर लंगडले तर त्याचा खूर उचलून बघा. आणि ज्यांच्यासोबत घरात राहायचे, त्यांना कागद करण्याआधी विचारा. आता माझ्याने टांगा ओढवत नाही. तबेल्यात मी एकटीच असते. कधी कधी भिंतीपलीकडे मलिका खोकते, आणि माझ्या तोंडातला चारा तसाच राहतो.