रिकाम्या जिन्याचा सिनेमा

मी किल्लीचा कॅमेरा बोलतोय, आणि डोकं फिरलंय म्हणून बोलतोय. किल्ली पिळली की अर्धं मिनिट चालायचं, मग गप्प बसायचं, एवढाच माझा दम.

कैरोच्या जुन्या बाजारातून इनासनं मला उचललं. तिच्या सिनेमात गोष्ट नाही, गाणं नाही. भिंतीवरून सरकणारं ऊन, जिन्याचं वळण, दोन घरांमधली हवेची फट, हेच टिपायचं. नदीकाठच्या एका जुन्या इमारतीत आम्ही रोज जायचो. खालचा इस्त्रीवाला शौकी चिडवायचा, "बाई, हिरो कुठाय तुमचा?"

"हा जिना."

"मग हिरोईन काय, मोरी?"

वरच्या मजल्यावरची उम्म वजदी मात्र आम्हाला पाहिलं की ओरडायची, "थांब गं पोरी, आवरते आधी!" पाहुण्याला पसारा दिसला की घराची अब्रू गेलीच म्हणा. दोरीवरचे कपडे, चपला, नातवंडं, सगळं आत. स्वतःही दाराआड.

"मावशी, पसाराच हवाय मला," इनास विनवायची. ऐकतंय कोण! सगळी इमारतच तसली. मग आम्ही रिकामे जिने टिपले.

पुढं सरकारी कमिटीनं इमारत पाडून तिथं हॉटेल बांधायचं घाटलं. रहिवाशांनीच इनासला गळ घातली, "तुझा सिनेमा कमिटीला दाखव. आमची घरं बघू देत." तिनं दाखवला. कमिटीचे साहेब चहा भुरकत म्हणाले, "इथं कुणी राहतच नाही की! पाडा."

अरे, डोळे आहेत की खाचा? पायऱ्या मधोमध झिजल्यात, त्या काय उंदरांनी झिजवल्या? जिन्यातल्या दिव्यामागची भिंत आपोआप काळी झाली? कठडा कुणाच्या हातांनी गुळगुळीत झाला? सगळं दाखवलं होतं हो मी! पण तोंड दिसल्याशिवाय यांना माणूस दिसत नाही.

पाडायच्या दिवशी उम्म वजदीनं भर जिन्यात खुर्ची टाकली. "काढ आता, पोरी. मी हलत नाही."

इनासनं किल्ली पिळली. म्हातारी माझ्याकडे टक लावून बसली. पोलीस वर चढले तोवर माझा दम संपला. त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून नेलं, ते माझ्यात नाही.

आता मी एका प्रदर्शनात काचेच्या कपाटात आहे. शेजारच्या भिंतीवर खुर्चीतल्या म्हातारीची तीच फीत फिरत असते. लोक मान तिरकी करून म्हणतात, "जिन्यातला प्रकाश काय सुंदर आहे!"

प्रकाश कसला बघताय, मेल्यांनो? तिचं घर जातंय!