ताईबाईच्या नावाची पुडी

जाग आली की डोळे उघडायच्या आधी भाविका मूठ वळून बघायची. चादरीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी. बोटं अर्ध्यावर येऊन अडायची. मग ती दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून पडून राहायची, आणि नळाला पाणी यायच्या सुमाराला कुठे हळूहळू मूठ मिटायची. चोवीस वर्षांच्या पोरीने सकाळी उठून देवाचं नाव घ्यावं की स्वतःच्या बोटांची हजेरी घ्यावी? पण भीती ही अशीच बया, तिला पहिला मान लागतो.

भ्यायला कारणही तसंच होतं. आजीचे, दगडीबाईचे, हात भाविकाने पाहिले होते. बोटं सगळी एका बाजूला कललेली, पेरं सुजून टणक झालेली. शेवटची तीन वर्षं आजीच्या तोंडात घास दुसऱ्याने भरवला. आणि आई त्याच वाटेने निघाली होती.

आई म्हणजे ताईबाई, जळगावच्या मेहरुणमधली मांडेवाली. लग्नसराई लागली, अक्षय्य तृतीयेची आखाजी जवळ आली, की तिला दम खायला फुरसत नसे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, पार कोपरापर्यंत पसरायचा आणि एकही भोक न पाडता पालथ्या खापरावर अलगद टाकायचा, हे सगळं मनगटाचं काम. सहा वर्षांपूर्वी तिची मनगटं सुजायला लागली आणि दोन वर्षांपूर्वी तिने खापर उचलून माळ्यावर ठेवलं. तेव्हा कुणीतरी चोपड्याकडच्या सुपडू नानांचं नाव कानावर घातलं.

नाना पुडी द्यायचे ती माणसाच्या नावाने. नाव घ्यायचे, पुडीवर फुंकर मारायचे आणि दोन नियम सांगायचे. पुडी खातो हे कुणालाही सांगायचं नाही, डॉक्टरला तर मुळीच नाही. सांगितलं की गुण गेला. आणि एकाच्या नावाची पुडी दुसऱ्याने खायची नाही. खाल्ली तर दोघांचाही गुण जातो. कुणाला सांगायचं नाही म्हणतात आणि नानांचं नाव मात्र तीन तालुक्यांत पोचलेलं, ही एक गंमतच. ते असो. ताईबाईने रोज पहाटे गुळाच्या खड्याबरोबर पिवळट भुकटी खायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत खापर माळ्यावरून खाली आलं. तोंडही भरलं, गोल झालं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, ताईबाई, तब्येत सुधारली बरं का! वडील, पुना भाऊ, दीपनगरला ठेकेदाराकडे कामाला. आठवड्यातून एकदा घरी यायचे. त्यांनाही पत्ता नव्हता. फक्त भाविकाला ठाऊक होतं, कारण पुड्या आणायला आईबरोबर तीच जायची.

"मन्ही आन शे तुले," आईने तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून सांगितलं होतं. "कोनलेबी सांगू नको."

भाविकाने कुणाला सांगितलं नाही. तिने त्याहून वाईट केलं. तिची स्वतःची बोटं आखडायला लागली तेव्हा ती इतकी घाबरली की आईजवळ बोलायचं धाडसच झालं नाही. तिच्या लग्नाचं पाचोऱ्याच्या एका घराशी बोलणं चाललं होतं, ते एक होतंच. पण खरी भीती आईच्या चेहऱ्याची होती. आईने आजीचे हात पाहिले, स्वतःचे पाहिले. आता लेकीचेही बघायचे? म्हणून ती मसाल्याच्या डब्यामागच्या पत्र्याच्या डबीतून तीन-चार दिवसांनी एक पुडी काढायची आणि अर्धी अर्धी करून खायची. आईच्या नावाची पुडी. बोटं मोकळी व्हायची, आणि मनात मात्र यायचं, की आता दोघींचा गुण जाणार.

त्यात सुपडू नाना सुरतेला मुलाकडे निघून गेले. कधी येतील, येतील की नाही, कुणाला माहीत नव्हतं. डबीत होत्या तेवढ्याच पुड्या.

अशात मेहरुणला सांधेदुखीच्या तपासणीचं शिबिर झालं. धुळ्याहून दिपमाला मॅडम आल्या होत्या. संधिवातावर संशोधन करणाऱ्या, वयाने तरुण, बोलायला गोड आणि नजरेला तिखट. त्यांनी ताईबाईची मनगटं दाबून पाहिली आणि समजावून सांगितलं की सांध्याला आतून एक अस्तर असतं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ. या आजारात ते सुजतं, जाड होतं, आणि शेवटी शेजारच्या हाडालाच खायला उठतं. दोन बायकांची मनगटं बाहेरून सारखीच सुजलेली दिसतात, पण एकच औषध एकीला लागू पडतं आणि दुसरीला पडत नाही. का पडत नाही, ते त्या अस्तरात दडलेलं आहे. म्हणून सुईने अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढून बघायचे.

"आजार लवकर सापडला तर हात वाचतात, मावशी," त्या म्हणाल्या. "उशीर झाला की आम्ही फक्त दुखणं कमी करू शकतो."

मग त्यांनी ताईबाईच्या गोल चेहऱ्याकडे पाहिलं, दंडावरचे निळे डाग पाहिले आणि विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे? गोळी, काढा, पुडी? जे असेल ते सांगा. आणि मनाने काही चालू करू नका, मनाने काही बंदही करू नका." एकदा नाही, तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ताईबाईने मान हलवली. भाविका शेजारी ओढणीखाली हात लपवून उभी होती आणि जमिनीकडे बघत होती.

ताईबाई तुकडे द्यायला लगेच तयार झाली याचंच भाविकाला नवल वाटलं. रक्त तपासायच्या सुईला भिणारी बाई मनगटात सुई घालून घ्यायला निघाली होती.

आखाजीनंतरच्या पहिल्या मंगळवारी दोघींनी धुळ्याची पहिली एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, पण ताईबाईच्या कपाळावर थंड घाम होता. दोन दिवस तिला जेवण जात नव्हतं. पहाटे चहाही उलटून पडला होता.

"माय, पुडी लिधी ना?" भाविकाने हळूच विचारलं.

"लिधी," ताईबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तूच घाबरेल दिखस."

भाविकाने पहाटे आईला गुळाचा खडा तोंडात टाकताना पाहिलं होतं, म्हणून तिने ते खरं मानलं.

धुळ्याला मॅडमच्या इस्पितळात पोचल्यावर सगळं भराभर झालं. ताईबाईने डावं मनगट पुढे केलं. "उजवं खापरले लागस, मॅडम," ती म्हणाली, आणि नर्सला हसू आलं. दाराच्या काचेतून भाविका बघत होती. मनगट बधिर केलं, पडद्यावर करडं-काळं चित्र हललं, सुई आत गेली. भाविकाने डोळे मिटले. उघडले तेव्हा बारक्या बाटलीत पांढरट कणी तरंगत होती. एवढ्याशा कणीने आजीचे हात खाल्ले!

मनगटाला पट्टी बांधून ताईबाई उठली. दोन पावलं चालली. आणि भिजलेलं धुणं दोरीवरून घसरावं तशी खाली बसली, मग आडवी झाली.

दार उघडलं, माणसं धावली, कुणीतरी रक्तदाबाचा पट्टा आवळला. "सत्तर. खालचा लागतच नाहीये." साखर तपासली, तीही खाली. आईचे ओठ पांढरे पडले होते आणि डोळे अर्धे उघडे असून कुणालाच बघत नव्हते.

दिपमाला मॅडम लेकीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाविका, नीट ऐक. मनगटाच्या सुईने असं होत नाही. आई काही घेत होती का?"

आईच्या डोक्यावर ठेवलेला हात भाविकाला आठवत होता. सांगितलं तर गुण गेला. आईचे हात गेले, आपलेही गेले. आणि नाही सांगितलं तर? मग मनात दुसरीच भीती उठली आणि तिने पहिलीला मागे सारलं. गुण आधीच गेलेला आहे! आईच्या नावाची पुडी आपण खाल्ली, म्हणून आई पडली. हे आपण केलं. आत कुणीतरी "सलाइन, सलाइन" म्हणत होतं.

"भाविका!"

"पुडी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "रोज एक पुडी. दोन वर्षं झाली. पिवळी भुकटी असते. आईने शपथ घातली होती, मॅडम. मी सांगितलं, आता आई मरेल का?"

"सांगितलंस म्हणून नाही मरणार," मॅडम म्हणाल्या, आणि वळून नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं.

पुढचा एक तास भाविका बाकावर बसून होती. सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तिला काही वाटलं नाही. तिला नुसती भीती वाटत होती. समोरून कुणी घाईने गेलं की आपल्यालाच काही सांगायला आलं असं वाटायचं. वडिलांना फोन लावायचा म्हणून मोबाइल काढला, तर काय बोलायचं ते सुचेना, म्हणून परत पिशवीत टाकला. खानदेशातली सगळी दैवतं तिने एका दमात आळवली. सप्तशृंगीला मात्र दोनदा.

शेवटी मॅडम बाहेर आल्या. रक्तदाब वर आला होता. "तुमच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार," त्या शेजारी बसत म्हणाल्या. "तपासून घेऊ, पण लक्षणं तीच आहेत. शरीर स्वतः रोज तसंच एक द्रव्य बनवतं. बाहेरून फुकट मिळत राहिलं की बनवायचं सोडून देतं. मग बाहेरचं एकदम थांबलं, की माणूस असा कोसळतो."

"पण थांबलं नव्हतं," भाविका म्हणाली. "आज पहाटेही घेतली."

"दिसतंय तर थांबल्यासारखं." मॅडम म्हणाल्या. "आणि आजचे तुकडे संशोधनात धरता येणार नाहीत. पुडीने अस्तर कधी दाबलं, कधी सोडलं, याचा ताळमेळ लागत नाही. तू बोलली नसतीस, तर त्यांच्यावरून आम्ही आणखी कितीतरी बायकांबद्दल चुकीचा अंदाज बांधला असता. चल, आई बोलतेय."

ताईबाई कॉटवर पडली होती. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. तिने लेकीकडे पाहिलं.

"सांगं तू?"

"हा, माय. सांगं." भाविकाला रडू फुटलं. "मन्हामुळे व्हयनं हाई. मी तुन्ह्या पुड्या..."

"माले म्हाईत शे."

भाविका रडायची थांबली.

"नऊ दिन व्हई गयात, मी पुडी खाधीच नही," ताईबाई म्हणाली. तिला बोलताना धाप लागत होती. "नुसता गूळ खाधा, तू देखी ऱ्हायंती म्हनीसन. डबीम्हान्या पुड्या कमी व्हई ऱ्हायंत्यात, ते माले कळत नही का? नाना ते गयात सुरतले. ऱ्हायेल पुड्या तुले पुरतीन, म्हनं."

"मंग आठे दवाखानाम्हा कसाले उनी तू? सुई कसाले टोची लिधी?"

ताईबाईने पट्टी बांधलेलं मनगट जरासं वर उचललं. "मन्हा हात ते गयात. मॅडम म्हने, लवकर सापडनं ते हात वाचतस. पहिले मन्हावर देखी ल्हेवू, सुई कशी शे, काय करस. मंग तुले आनसू. असं मनम्हा व्हतं."

जेवण लेकराला देण्याआधी आई घास आपल्या जिभेवर लावून बघते, तसं तिने हे केलं होतं. त्यात तिचा जीव जाणार होता, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. भाविकाला तिचा रागही आला आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. मग तिला वाटलं, आता आपली पाळी, पळून जावं. एसटी धरावी आणि पाचोऱ्याला, दीपनगरला, कुठेही जावं. हात दाखवून अवलक्षण, असं उगाच नाही म्हणत.

"मॅडम," ताईबाई म्हणाली, "आते हिन्हा हात देखा."

दिपमाला मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. भाविकाने ओढणीखालून हात काढले. मॅडमनी डाव्या हाताच्या बोटांच्या बुडाशी एकेक सांधा दाबला, आणि चौथ्या सांध्याला तिच्या तोंडून "आई गं" निघालं. उजव्या हाताचेही दोन सांधे तसेच दुखरे निघाले. मॅडमनी नवा कागद घेतला.

"मूठ वळ."

दुपारचे साडेबारा झाले होते, तरी मूठ पुरती मिटली नाही. पुडी खाऊन तीन दिवस उलटले होते. आज पहिल्यांदा हे चादरीबाहेर कुणीतरी बघत होतं.

"कधीपासून होतंय?"

लहान आकडा सांगितला तर आजारही लहान निघेल, असं भित्र्या माणसाला नेहमीच वाटतं. "अडीच महिने," भाविका म्हणाली.

"साडेतीन," कॉटवरून ताईबाई म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "संक्रातले तिळना लाडू हिन्हा हातघाई वळायनात नही. तवयपासून देखस मी."

दिपमाला मॅडमनी कागदावरचं अडीच खोडलं आणि साडेतीन लिहिलं.